कोऱ्या पानावरचे अंगठे

साळवे बाई कुठल्याही सहीवर फुंकर मारायच्या. शाईची असो, बॉलपेनची असो, कागद उचलून तोंडासमोर धरायचा, डोळे बारीक करायचे आणि दोनदा फू फू करायचं. आम्ही पगारपत्रकावर सह्या केल्या तरी तेच. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, बॉलपेन आहे, ते वाळलेलंच असतं." त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे रे सुनील. फुंकरीला काय पैसे पडतात?" आम्ही शाळेतले तिघं शिक्षक त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो आणि हसायचो. ही सवय त्यांना कशी लागली ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ती नक्कल बंद झाली.

मी पारनेरकडचा. माझी पहिली नेमणूक पाथर्डी तालुक्यातल्या बोरदरा नावाच्या गावी झाली, तेव्हा बाई तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मूळच्या नगरच्या. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण आमच्या तोंडातून नगरच निघतं. बाई ख्रिस्ती. रविवारी चर्च चुकवायचं नाही, म्हणून शनिवारी शाळा सुटली की जीपने पाथर्डी आणि पुढे एसटीने नगर. सोमवारी पहिल्या गाडीने परत हजर. मधले दिवस त्या गावातच, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या कौसाबाईच्या घराला लागून असलेल्या एका खोलीत राहायच्या. अंगाने लहानशा, आवाज मात्र पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. किल्ल्यांचा जुडगा कंबरेला. कपाटाची किल्ली त्यांनी मरेपर्यंत कुणाच्या हातात दिली नसती.

तशा त्या हट्टी होत्या, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यांच्याविषयी बोलताना लोक एकतर त्यांना देवी करतात नाहीतर चोर. मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. त्या दोन्ही नव्हत्या. त्यांना कुणाचं ऐकायची सवयच नव्हती, एवढं मात्र खरं.

बोरदऱ्यात दसरा झाला की गाव उठायला लागतं. जमीन खडकाळ, पाणी नाही, त्यामुळे निम्म्याच्या वर घरं ऊस तोडायला जातात, कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे. जाणारे पाच-सहा महिने येत नाहीत. पोरंही बरोबर जायची आणि शाळा ओस पडायची. ही पोरं मागे राहावीत म्हणून सरकारने हंगामी वसतिगृह काढलं. वसतिगृह म्हणजे वेगळी इमारत वगैरे काही नाही. पोरांनी रात्री आजीजवळ झोपायचं आणि दोन्ही वेळेला शाळेत जेवायचं. त्या जेवणाचा पैसा शाळेच्या खात्यावर यायचा. स्वयंपाक कौसाबाई करायची.

तरीही काही पोरं आईबापाबरोबर जायचीच. धाकटी भावंडं सांभाळायला कुणी लागतंच. बाई त्यांची नावं हजेरीतून कधी गाळत नसत. रोज सकाळी सगळी नावं घ्यायच्या. गेलेल्या पोराचं नाव आलं की सगळ्या वर्गाने एका सुरात ओरडायचं, "फडात!" ऊसतोडीच्या शेताला इकडे फड म्हणतात. जानेवारीत तर निम्मी हजेरी "फडात, फडात" अशीच जायची. मला सुरुवातीला ते विचित्र वाटलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "नाव घेतलं नाही की आठवड्यात विसरतात पोरं. परत आल्यावर बसायला जागा देत नाहीत."

आता ती फुंकर. माझं तिथलं पहिलंच वर्ष. गावच्या पाराजवळ तीन ट्रॅक्टर उभे होते. ट्रॉल्यांमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि त्यावर माणसं. निघायची घाई. तेवढ्यात साळवे बाई एका हातात ठरावाची वही, दुसऱ्या हातात शाईचा पॅड घेऊन तरातरा येताना दिसल्या.

"अंबादास, खाली उतर. सह्या राहिल्यात."

"बाई, ट्रॅक्टर चालू हाय."

"मग बंद करायला सांग."

अंबादास उतरला. तो शाळा समितीचा अध्यक्ष. समितीचा अध्यक्ष पालकच असला पाहिजे असा नियम आहे, आणि बँकेतून पैसे काढायचे तर चेकवर मुख्याध्यापकाबरोबर त्याची सही लागते. आमच्या शाळेचे पालक म्हणजे ऊसतोडे. वसतिगृह चालायचं ते नेमकं अध्यक्ष गावात नसताना. नियम करणाऱ्याला आईबाप बारा महिने गावातच असतात असं वाटलं असावं. त्यामुळे अंबादासने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चेकबुक ठेवून पाच-सहा कोऱ्या चेकवर आपली मोठी, वाकडी सही केली. मग ट्रॉलीतल्या इतर सदस्यांचे अंगठे. ठरावाच्या वहीची पानं वरून कोरी आणि खाली एकाशेजारी एक अंगठे.

"वरचं काय लिव्हनार?" अंबादासच्या बायकोने विचारलं.

"महिन्याचं जेवण, खर्च मंजूर, तेच. मी भरते."

"भरा की. आमाला कुठं वाचता येतंय. पोराला तेवढं दूध द्या बाई, त्याला कोरा च्या चालत न्हाई."

बाईंनी प्रत्येक पान उचललं आणि अंगठ्यांवर फुंकर मारली, म्हणजे पान मिटल्यावर शाई पसरायला नको. ट्रॅक्टर हलले. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून पानांवर फुंकर मारत होत्या.

परत येताना मी म्हटलं, "बाई, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"कोऱ्यावर सह्या. गावात राहणाऱ्या कुणाला उपाध्यक्ष करा, ठराव करून त्याला अधिकार द्या."

"गावात कोण राहतं? ज्यांची पोरं पिवळ्या बसने इंग्लिश शाळेत जातात ते. त्यांनी ठरवायचं माझ्या लेकरांनी काय खायचं?"

"कौसाबाईला करा. तिची नात आहे शाळेत."

"आणि स्वयंपाक कोण करील? तू?"

विषय संपला. दर दसऱ्याला तेच चालू राहिलं. पुढे चौकशीत सगळं उकरून निघालं, तेव्हा मला हे बोलणं शंभर वेळा आठवलं. साधा उपाय होता. कायद्यात बसणारा होता. बाईंनी तो चेष्टेवारी नेला आणि मीही पुन्हा काढला नाही. नवीन माणूस होतो, आणि खरं सांगायचं तर त्यांना घाबरत होतो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी पोट, मग पावती." रोज संध्याकाळी त्या वस्तीतून एक चक्कर मारायच्या. कुणाच्या आजीची चूल पेटली नाही, कुणाचं पोर तापलंय, हे त्यांना न विचारता कळायचं. मी एकदा बरोबर गेलो होतो. एका घरासमोर थांबून म्हणाल्या, "ही म्हातारी आज उठलेली नाही." आत गेलो तर म्हातारी खरोखरच तापाने फणफणलेली. तिला मी मोटारसायकलवर मध्ये बसवून पाथर्डीला नेलं, मागून बाईंनी धरलेलं. सगळ्या रस्त्याने बाई मला हळू चालव म्हणून ओरडत होत्या.

मग तो एक हिवाळा आला, ज्याने सगळं बिघडवलं. त्या वर्षी वसतिगृह दिवाळीनंतर सुरू झालं आणि पैसा आलाच नाही. आज येतो, उद्या येतो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. किराणावाल्याने हात वर केले. दुसऱ्या शाळांनी वसतिगृहं बंद करून पोरं फडावर पाठवून दिली. बाईंनी शिक्षकांच्या पतसंस्थेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं आणि स्वयंपाक चालू ठेवला. कर्जाच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, घरदुरुस्ती. "पोरांना खाऊ घालायला असं लिहिलं तर देतील का रे?" असं म्हणून त्या हसल्या होत्या. मीही हसलो होतो.

पैसा आला तो मार्चअखेरीस, एकदम सगळा. तोपर्यंत वसतिगृह बंद व्हायला आलेलं. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर पैसा परत जाणार. बाईंनी अंबादासच्या सहीचे कोरे चेक भरले, स्वतःच्या नावाने रोख काढली, किराणावाल्याची उधारी दिली, कौसाबाईचा पगार दिला आणि उरलेल्यातून पतसंस्थेचं कर्ज फेडलं. ठरावाच्या वहीत अंगठ्यांच्या वर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीच्या सभा लिहून काढल्या. राहिल्या त्या भाजीच्या, दुधाच्या, सरपणाच्या पावत्या. भाजी शेतातून घेतलेली, दूध घरोघरचं. पावती कोण देणार?

इथे मी येतो. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतं. बाईंनी पाथर्डीहून छापील कोरी पावतीपुस्तकं आणली. एका दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही ऑफिसात बसलो. दाराशी कौसाबाई बसून आठवून सांगत होती, "पोळांच्या मळ्यातून वांगी आनली व्हती दोनदा. मेथी त्या मंगळवारी." आणि मी पावत्या लिहीत होतो. काही डाव्या हाताने. बाईंनी प्रत्येक पावतीवर फुंकर मारली. कौसाबाई म्हणाली, "सर, तुमी तर मुंबईला बँकेत पायजे व्हते," आणि आम्ही तिघंही हसलो. त्यात एक पैसा जास्तीचा लिहिला नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकतो. तेव्हा सांगितलं नाही, एवढाच मुद्दा आहे.

तक्रार गावातल्याच एकाने केली. त्याला अध्यक्ष व्हायचं होतं. नाव घेत नाही, तो अजून गावात आहे. लेखापरीक्षक आले. त्यांना काय फार शोधावं लागलं नाही. जानेवारीच्या सभेला अंबादास आणि सहा सदस्य हजर, असं वहीत. त्याच दिवशी तेच सात जण सांगली जिल्ह्यात ऊस तोडत होते, असं कारखान्याकडच्या टोळीच्या यादीत. वसतिगृह बंद व्हायच्या वेळी सगळी रक्कम रोखीने बाईंच्या नावाने. आणि त्याच आठवड्यात बाईंच्या घरदुरुस्तीच्या कर्जाची फेड. कागद पाहणाऱ्या माणसाने दुसरं काय समजायचं? मी त्यांच्या जागी असतो तर मीही चोरी म्हटलं असतं.

विभागीय चौकशी पाथर्डीला एका कचेरीत झाली. चौकशी अधिकारी निवृत्त गृहस्थ होते, सभ्य बोलणारे. त्यांनी पावत्यांचा गठ्ठा बाईंसमोर ठेवला.

"बाई, या वेगवेगळ्या लोकांच्या पावत्या, पण पावतीपुस्तक एकच, शाई एकच. कोणी लिहिल्या?"

मी पाठीमागे साक्षीदारांच्या बाकावर बसलो होतो. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, घराचं कर्ज होतं, मुलगी तीन महिन्यांची होती.

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही स्वतः?"

"हो. मीच लिहिल्या."

थोड्या वेळाने माझी पाळी आली. "या पावत्यांविषयी तुम्हाला काही माहिती आहे?" मी म्हटलं, "नाही." एकच शब्द. त्यांनी तो लिहून घेतला आणि माझी सही घेतली.

बाहेर आल्यावर मी बाईंकडे बघू शकलो नाही. त्यांनी पिशवीतून गूळ-शेंगदाण्यांचा डबा काढला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "खा. सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस." मी खाल्ले. त्याची मला अजून लाज वाटते.

बडतर्फीचा हुकूम आला तो शाळेतच, सकाळच्या वेळी. अपहार सिद्ध, बनावट कागद तयार केल्याची कबुली, सबब सेवेतून बडतर्फ. बडतर्फ म्हणजे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बाईंनी कागद वाचला, घडी घातली, हुकूम घेऊन आलेल्या शिपायाला पाणी दिलं आणि वर्गात परत गेल्या. तास संपेपर्यंत त्या भागाकार शिकवत होत्या. मग कंबरेचा जुडगा सोडून माझ्या टेबलावर ठेवला. मी हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "घे. आता तुझ्याकडे चार्ज आहे."

पैशाचं त्यांना फारसं वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. वाटलंच. पण त्यांना झोपू देत नव्हता तो शब्द. अपहार. "शिक्षा करा म्हणावं, कोऱ्यावर अंगठे घेतले ते चुकलंच. पण मी लेकरांचं खाल्लं, हे कसं लिहिलं त्यांनी?" हे त्या नगरच्या घरी प्रत्येक भेटीत म्हणायच्या. तो एक शब्द पुसला जावा म्हणून त्यांनी नाशिकला आयुक्तांकडे अपील केलं.

वकील म्हणाले, त्या सात सदस्यांचे जबाब हवेत, की आम्ही अंगठे आपखुशीने दिले आणि आमच्या पोरांना जेवण मिळालं. पण सुनावणी लागली ती नेमकी ऊसतोडीच्या दिवसांत. बाई म्हणाल्या, "मग फडात जाऊ." मी बरोबर गेलो. एवढं तरी करावं असं मला वाटलं.

सांगलीच्या पुढे एका फाट्यावर एसटीतून उतरून आम्ही दोन किलोमीटर चाललो. उसाच्या कडेला पाचटाच्या खोप्या होत्या. अंबादास धावत आला. बायकोही कोयता हातात घेऊनच आली. बाईंना बघून ती रडायलाच लागली.

"बाई, तुमी कशापायी आल्या एवढ्या लांब? निरोप धाडायचा."

"निरोपाने अंगठा येतो का गं?"

सगळे खोपीपुढे बसले. बाईंनी पिशवीतून कागद आणि तोच जुना शाईचा पॅड काढला. अंबादासने अंगठा... म्हणजे त्याला सही येते, पण त्या दिवशी हात कापडाने बांधलेला होता. त्याने डावा अंगठा पुढे केला.

"कुठं लावू?"

"थांब. आधी वाचते."

"आता काय वाचायचं बाई? कोरा कागद द्या, आमी खाली अंगठं लावतो, वरचं तुमी आन् वकीलसाहेब भरा काय भरायचं ते. तुमी काय आमाला फशिवनार हाय व्हय?"

बाकीचे सगळे व्हय, व्हय म्हणाले. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. ज्या विश्वासाने बाईंची नोकरी गेली, तोच विश्वास ही माणसं पुन्हा त्यांच्या पदरात घालत होती. बाई एकदम कडाडल्या.

"आता कोरं नाही! माझ्यासमोर कोऱ्या कागदाचं नाव घ्यायचं नाही कुणी. ऐका, मी वाचते. वाचून पटलं तर अंगठा द्या. नाही पटलं तर नाही म्हणा."

त्यांनी सातही जणांचा जबाब सात वेळा वाचला. सगळे सारखेच होते, तरी प्रत्येकाला वेगळा. प्रत्येक कागदावर त्या दिवसाची तारीख आणि त्या शिवाराचं नाव स्वतः लिहिलं. अंगठा झाला की उचलून फुंकर. मुकादम तिकडून ओरडत होता की गाडी भरायची राहिलीय. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. निघताना अंबादासच्या बायकोने आम्हाला उसाची चार कांडकी दिली आणि विचारलं, "आवो बाई, आता पोरास्नी जेवायला कोन घालतंय?" बाई कांडकी पिशवीत भरू लागल्या. बाईंची नोकरी गेली त्या वर्षापासून वसतिगृह बंद होतं. माझ्या हातात चार्ज होता, आणि त्या भानगडीत पडायची माझी हिंमत नव्हती.

परतीच्या एसटीत मी ठरवलं होतं की नाशिकला आपण बोलायचं. मनात वाक्यही तयार केलं होतं. सुनावणीच्या दिवशी साहेबांनी जबाब वाचले, मान हलवली, पोरांना जेवण मिळालेलं दिसतंय असं म्हणालेही. मग पावत्यांवर आले.

"पण या बनावट पावत्या? या तुम्हीच लिहिल्याचं चौकशीत कबूल केलंय. ते खरं आहे का?"

मी मागे बसलो होतो. उठायला एक क्षण पुरला असता. मी खुर्चीच्या हातावर हात टेकला, आणि बाईंनी मागे न बघता उत्तर दिलं, "खरं आहे." इतक्या झटकन, की मला वाटलं त्यांना माझ्या खुर्चीचा आवाज ऐकू आला असावा. मी पुन्हा बसलो. पूर्ण उठलोच नव्हतो म्हणा.

अपील फेटाळलं गेलं. निकालात लिहिलं होतं की मुलांना भोजन मिळाल्याचे जबाब असले, तरी अपिलार्थीने स्वतः बनावट पावत्या लिहिल्याचं मान्य केलं आहे, सबब त्यांच्या हेतूविषयी संशयाचा फायदा देता येत नाही. दीड पानाचा निकाल आणि त्यात ते एकच वाक्य महत्त्वाचं. माझ्या अक्षरावर ते उभं होतं.

बाई आता औरंगाबादच्या खंडपीठात गेल्या आहेत. वकिलांनी मला फोन करून विचारलं होतं, "त्या पावत्या कुणी दुसऱ्याने लिहिल्या, दिवसाढवळ्या शाळेत बसून, खरे भाव विचारून, असं कुणी सांगणारं आहे का हो? असेल तर सगळं चित्र बदलतं. बाई तर काही बोलत नाहीत." मी म्हटलं, बघतो.

बघता बघता वर्ष गेलं. गेल्या महिन्यात बाईंची अठ्ठावन्न पुरी झाली. एरवी त्या दिवशी शाळेत सत्कार झाला असता, पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या, कौसाबाईने लापशी केली असती. आता कामावर परत जायचा प्रश्नच उरला नाही. उरला तो फक्त शब्द. त्या दिवशी सकाळी मी हजेरी घेतली. गेलेल्या पोरांची नावं मीही गाळत नाही, तेवढं एक मी त्यांच्याकडून घेतलं. "फडात," "फडात," असं पोरं ओरडत होती. मला पुढची नावं वाचताच येईनात. मी वही मिटली.

संध्याकाळी मी निवेदन लिहिलं. पावत्या मी लिहिल्या, कौसाबाईच्या सांगण्यावरून, चौकशीत मी खोटं बोललो, असं सगळं. खाली सही केली. तारखेची जागा मात्र मोकळी ठेवली. का ठेवली ते मला माहीत आहे. मुलगी आता शाळेत जाते, कर्ज अजून आहे, आणि हे निवेदन कोर्टात गेलं की माझीही चौकशी लागणार. तारीख नसली की कागद वापरायचा की नाही ते नंतर ठरवता येतं, असा हिशेब होता.

रविवारी मी नगरला बाईंच्या घरी गेलो. त्या नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. केस सगळे पांढरे झालेले. दारातल्या खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा वाचला. मी जमिनीकडे बघत उभा होतो. त्यांनी माझी पाठ थोपटली नाही, रागावल्याही नाहीत. कागद माझ्यापुढे धरला.

"इथं तारीख कोरी आहे."

मी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"कोरं मी घेत नाही, सुनील. तुला माहीत आहे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "नको देऊस. तुला लेकरू आहे. मी तुला कधी विचारलं का? मुकाट्याने घरी जा, मी काही मनात धरणार नाही." त्यांनी कागद माझ्या हातात परत ठेवला आणि वर स्वतःचं पेनही ठेवलं.

आत कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत. मी पेनाचं टोपण काढलं. मग कठड्यावर कागद टेकवला आणि त्या दिवसाची तारीख घातली. एवढी वर्षं मिरवलेलं अक्षर त्या तारखेत मलाच ओळखू येईना.

बाईंनी कागद घेतला. तोंडासमोर धरला, डोळे बारीक केले आणि तारखेवर दोनदा फुंकर मारली. बॉलपेनच होतं. मग त्या म्हणाल्या, "बस, जेवून जा. सकाळपासून काही खाल्लेलं नसशील तू."